जुन्या पिकअपचे गुडघे

मनुष्याचें वय लोक त्याच्या केसांवरून ओळखतात. पण तें खरें कळतें जिना चढतांना. केस काळे करतां येतात, गुडघ्यांना मात्र कोणताहि कलप लागू पडत नाहीं. मोटारगाडीचेंहि तसेंच आहे. जुन्या गाडीला नवा रंग द्यावा, आसनांवर नवीं आच्छादनें घालावीं, दिवे पुसून उजळावे, म्हणजे ती पाहणाराला दहा वर्षांनीं तरुण वाटूं लागते. परंतु तिच्या पुढच्या चाकांमागें, चिखलानें माखलेल्या अंधाऱ्या जागेंत, जे लहान लहान सांधे असतात ते आपलें वय विसरत नाहींत. एंजिन बिघडलें तर गाडी बहुधा उभी राहते, आणि मालकाला दुरुस्तीची गरज कोणी सांगावी लागत नाहीं. सांधे झिजले तर गाडी चालतच राहते. या विषयांतला खरा धोका तो हाच. म्हणून आजच्या भाषणाचा विषय एंजिन नसून जुन्या पिकअप गाडीचे हे गुडघे आहेत.

पिकअप म्हणजे पुढें दोन-तीन माणसांना बसण्याची केबिन आणि मागें माल भरण्याचा उघडा हौदा असलेला हलका ट्रक. आपल्याकडे ती पहांटे भाजीपाला व दूध घेऊन शहरांत शिरते आणि लोक जागे होण्यापूर्वीं निघूनहि जाते. अमेरिकेंत मात्र ती घरची गाडी आहे. शेतकरी, सुतार, नळकाम करणारा कारागीर, सर्वांच्या दारांत ती उभी असते. तिच्यांतून आठवडाभर माल जातो आणि रविवारीं कुटुंब जातें. या भाषणापुरतें उदाहरण म्हणून शेवरोलेची एक जुनी पिकअप घेऊं. शेवरोले हें नांव मुंबईला परकें नाहीं. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला, आणि १९५४ सालीं तो बंद होईपर्यंत शेवरोलेच्या कित्येक मोटारी व ट्रक तेथूनच रस्त्यावर आले. त्याच शेवरोलेनें अमेरिकेंत १९७३ पासून १९८७ पर्यंत चौकोनी बांध्याची एक पिकअप काढली. तिचा अर्ध्या टनाचा प्रकार बहुतेक काळ ‘सी-१०’ या नांवानें विकला गेला. सांगाडा जाड, यंत्र साधें आणि सुटे भाग अजूनहि सहज मिळणारे. त्यामुळें तिच्यांतील पुष्कळ गाड्या आजहि चालत आहेत. कांहीं घरांत ती आजोबांकडून नातवाकडे आलेली असते. पुढील विवेचन या सी-१० गाडीला धरून आहे. चारहि चाकांनीं ओढणाऱ्या तिच्या भावंडाची, म्हणजे के-१० ची, पुढची बाजू निराळी असते. तींत अखंड आंस व पाट्यांच्या कमानी असतात. तो विषय येथें नाहीं.

गाडीचा भार झेलून रस्त्याचे हादरे पचविणाऱ्या यंत्रणेला कारागीर सस्पेन्शन म्हणतात. सी-१० च्या पुढच्या प्रत्येक चाकाला सांगाड्याशीं जोडणारे दोन आडवे पोलादी बाहू असतात. वरचा आखूड, खालचा लांब. सांगाड्याकडील टोंकाशीं या बाहूंत रबरी बुश बसविलेले असतात, आणि त्यांवर बाहू दाराच्या बिजागरीप्रमाणें वरखालीं होतो. चाकाकडील टोंकाला बॉल जॉइंट असतो. मनुष्याच्या खुब्यांत जसा वाटींत गोळा फिरतो तसाच येथेंहि वाटींत पोलादी गोळा फिरतो. गोळ्याला एक दांडी असते, व ती चाक धरणाऱ्या तुकड्यांत, ज्याला नकल म्हणतात त्यांत, घट्ट बसते. या एका सांध्यामुळें चाक वरखालींहि होऊं शकतें आणि डावीकडे-उजवीकडेहि वळूं शकतें.

आतां एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावयाची. गाडीची जाड गुंडाळीची स्प्रिंग खालच्या बाहूवर उभी असते आणि सांगाडा त्या स्प्रिंगवर टेकलेला असतो. अर्थात् एंजिनाचें व केबिनचें ओझें स्प्रिंगमधून खालच्या बाहूवर, तेथून खालच्या बॉल जॉइंटवर आणि मग चाकावर उतरतें. वरचा सांधा चाक उभें धरण्यापुरता आहे. खालचा सांधा हमाल, वरचा नुसता सोबती. पुढें तपासणीचा जो प्रकार सांगावयाचा आहे त्याचें सर्व मर्म या एका वाक्यांत आहे.

चाकें वळविण्याची सांखळी वेगळी. स्टेअरिंगच्या पेटीखालीं पिटमन आर्म नांवाचा एक बाहू असतो. तो गाडीच्या रुंदीच्या दिशेनें असलेल्या एका आडव्या दांड्याला ओढतो किंवा ढकलतो. त्या दांड्याचें दुसरें टोंक आयडलर आर्म तोलून धरतो. दांड्यापासून दोहों बाजूंस टायरॉड निघतात व ते चाकांना वळवितात. हिशेब केला तर बॉल जॉइंट चार, बाहूंचे बुश आठ आणि स्टेअरिंगच्या सांखळींतील सांधे सात, अशा एकोणीस जागा झाल्या. चाकांचीं बेअरिंगें त्याहून निराळीं. एकेका जागेंत केसाएवढी ढिलाई आली तरी त्या सर्वांची बेरीज चाकाशीं होते, आणि ताशीं ऐंशीं किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडींत ती केसाएवढी राहत नाहीं.

हे सांधे पूर्वीं असे नव्हते. जुन्या काळीं पुढचें चाक किंगपिन नांवाच्या एका जाड उभ्या खिळीवर फिरत असे. अमेरिकन मोटारींत बॉल जॉइंटवर फिरणारीं पुढचीं चाकें प्रथम आलीं तीं १९५२ च्या लिंकन गाडींत. शेवरोलेच्या हलक्या ट्रकांना १९६० सालीं एकमेकांपासून स्वतंत्र हलणारीं पुढचीं चाकें मिळालीं. आरंभीं पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्यांवर, आणि १९६३ पासून गुंडाळीच्या स्प्रिंगवर. प्रवास सुखाचा झाला. परंतु सुखाबरोबर सांध्यांची निगाहि वाढली. प्रत्येक सांध्याला ग्रीस पोंचावें म्हणून जें बोंडासारखें निपल बसवितात, त्याच्या आजच्या रूपाचें पेटंट ऑस्ट्रियांत जन्मलेल्या ऑस्कर झर्क या संशोधकाला अमेरिकेंत १९२९ सालीं मिळालें. पुढील काळांतील कित्येक गाड्यांत सांधे कायमचे बंद करून निपल काढून टाकण्यांत आलें. सी-१० ला मात्र निपल आहेत, आणि ज्या मालकानें त्यांचा नियमानें उपयोग केला त्याचे सांधे दीर्घकाळ टिकले.

झीज होते ती कशी, हें पाहण्यासारखें आहे. प्रत्येक सांध्यावर रबराची एक टोपी असते. कारागीर तिला बूट म्हणतात. तिच्या आंत ग्रीस राहतें आणि बाहेर धूळ व पाणी. उन्हानें, तेलानें व वयानें रबर तडकतें. एकदां तें फाटलें कीं ग्रीस बाहेर येतें आणि पाणी आंत जातें. अमेरिकेच्या थंड प्रांतांत हिंवाळ्यांत रस्त्यांवरील बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. तें खारें पाणी सांध्यांत शिरलें म्हणजे गंज धरतो. आपल्याकडे तेंच काम पावसाळ्यांतला चिखल करतो. मग वाटी व गोळा एकमेकांवर कोरडे घासतात, त्यांतून निघालेली लोखंडाची पूड उरल्यासुरल्या ग्रीसमध्यें मिसळते, आणि जें ग्रीस सांध्याला वांचवावयाचें तेंच घासकागदाचें काम करूं लागतें. अति उत्साहानें पिचकारी मारून बूट फोडणारे मालकहि असतात. बूट किंचित् फुगला कीं हात आवरावा, हा यांतला नियम.

इतकें झाल्यावर गाडी तक्रार करीत नाहीं काय? करते, पण तिची भाषा संदिग्ध असते. खड्ड्यांतून जातांना खटकन् आवाज होतो. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूस सरकूं लागते. स्टेअरिंग दोन बोटें फिरविलें तरी चाकें जागचीं हलत नाहींत. टायरची एकच कड झिजते. टायरवरून हात आडवा फिरविला असतां एका दिशेनें गुळगुळीत व उलट दिशेनें करवतीसारखें लागतें, किंवा त्यावर ठिकठिकाणीं खळगे पडलेले दिसतात. एक कड झिजली तर चाकाचा कल बिघडलेला असूं शकतो. करवतीचे दांत लागले तर दोन्ही चाकें समांतर धांवत नाहींत. खळगे पडले तर शॉक अॅबसॉर्बर निकामी झाला असेल, चाकाचा तोल गेला असेल किंवा सांधा ढिला असेल. ज्वर हें जसें अनेक रोगांचें लक्षण असतें तसेंच हें.

शिवाय ही सर्व लक्षणें इतक्या सावकाश येतात कीं रोज गाडी चालविणाराच्या तीं ध्यानांतहि येत नाहींत. त्याचा हात ढिलाईशीं नकळत जुळवून घेतो. गाडी डावीकडे ओढते म्हणून तो स्टेअरिंग थोडें उजवीकडे धरून चालवितो, आणि कोणी विचारलें तर गाडी अगदीं सरळ जाते असें मनापासून सांगतो. तो खोटें बोलत नसतो. दोष अंगवळणीं पडलेला असतो. त्याच गाडींत एखादे दिवशीं त्याची नुकतीच परवाना मिळालेली मुलगी बसते, आणि तिचे हात ती तडजोड शिकलेले नसतात.

येथें पैशाचाहि प्रश्न आहे. लक्षण दिसूं लागलें म्हणजे सामान्य मालक ज्या क्रमानें खर्च करतो तो क्रम बहुधा उलटा असतो. टायर झिजले म्हणून तो प्रथम नवे टायर घेतो; झिजलेले सांधे त्यांनाहि थोड्याच काळांत खाऊन टाकतात. मग तो चाकांची जुळणी, म्हणजे अलाइनमेंट, करून घेतो. परंतु जे सांधे जागेवर राहत नाहींत त्यांची केलेली जुळणीहि जागेवर राहत नाहीं. त्यानंतर शॉक अॅबसॉर्बर बदलतो. शॉक अॅबसॉर्बर भार वाहत नाहीं, स्प्रिंगच्या उसळ्या शमवितो. ढिल्या सांध्यावर त्याचा कांहीं इलाज चालत नाहीं. शेवटीं कोणीतरी सल्ला देतो कीं स्टेअरिंगच्या पेटीवरचा स्क्रू पिळा. स्क्रू पिळल्यानें ढिलाई गेल्याचा भास होतो. पण दोष टायरॉडांत किंवा आयडलर आर्ममध्यें असेल तर तो तेथेंच राहतो. वर पेटींतील दांते एकमेकांवर आवळले जातात, आणि वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येईनासें होतें. चार खर्च झाले आणि रोग होता तेथेंच. या मालकाला आळशी म्हणतां येणार नाहीं, कारण त्यानें पैसा व वेळ दोन्ही दिलीं. त्यानें फक्त मोजलें नाहीं.

तेव्हां मोजावें कसें, तें आतां पाहूं. गाडी सपाट व कठीण जागीं उभी करावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनीं दगड लावावे, आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींहि शिरूं नये. मजबूत लोखंडी स्टँडचा आधार असलाच पाहिजे. पहिली परीक्षा चाकें जमिनीवर ठेवूनच होते. एकानें आंत बसून स्टेअरिंग थोडें डावीकडे, थोडें उजवीकडे असें हलवीत राहावें आणि दुसऱ्यानें खालून पाहावें. ज्या सांध्याची एक बाजू आधीं हलते व दुसरी मागाहून हलते, तो सांधा झिजला. सर्व सांखळी अशी एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत पाहत जावी. आयडलर आर्मकरितां कारखान्याच्या दुरुस्ति-पुस्तकांत माप दिलेलें आहे: दांड्याकडील टोंकाशीं सुमारें ११ किलोग्रॅम जोर वर व तितकाच खालीं लावला असतां तें टोंक प्रत्येक दिशेस सुमारें ३ मिलिमीटरपेक्षां अधिक हलतां कामा नये.

दुसरी परीक्षा चाक उचलून. मघां सांगितलेली हमालाची गोष्ट येथें कामास येते. जॅक सांगाड्याखालीं लावला तर दाबलेल्या स्प्रिंगचा जोर खालच्या सांध्यावर कायमच राहतो, आणि झिजलेला सांधाहि घट्ट भासतो. म्हणून सी-१० मध्यें जॅक खालच्या बाहूच्याच खालीं, चाकाच्या होईल तितका जवळ लावावा. म्हणजे स्प्रिंगचें ओझें जॅक घेतो आणि सांधा मोकळा होतो. डोक्यावरचें गांठोडें उतरविल्याशिवाय हमालाची मान वैद्याला तपासतां येत नाहीं, तसेंच हें. ज्या गाड्यांत स्प्रिंग वरच्या बाहूवर असते त्यांची रीत अर्थातच वेगळी. तेथें हमाल वरचा सांधा असतो. चाक मोकळें झाल्यावर टायरचा माथा व तळ धरून तें आंत-बाहेर हलवावें. ढिलाई जाणवली तर ती बॉल जॉइंटची असेल किंवा बेअरिंगची. दोहोंतला भेद कळावा म्हणून मदतनिसाला ब्रेक दाबून धरावयास सांगावें. ब्रेक दाबतांच ढिलाई नाहींशी झाली तर ती बेअरिंगची. तशीच राहिली तर सांध्याची. बेअरिंगची ढिलाई पुष्कळदां नट योग्य रीतीनें आवळल्यानेंच जाते, आणि एवढ्याशा युक्तीमुळें कित्येक चांगले सांधे उगाच बदलले जाण्यापासून वांचतात.

वरच्या सांध्याचा न्याय सोपा आहे: त्यांत बाजूला हलणारी स्पष्ट ढिलाई दिसली कीं तो बाद. खालच्या सांध्याला मात्र थोडी मोकळीक मूळचीच असूं शकते, म्हणून तेथें माप घ्यावें लागतें. गाडीचें वजन चाकावर असतांना सांध्याच्या दांडीच्या वरच्या टोंकापासून खालच्या ग्रीस-निपलच्या टोंकापर्यंतचें अंतर मोजावें. मग जॅक बाहूखालीं घेऊन चाक लोंबकळत ठेवावें व तेंच अंतर पुन्हां मोजावें. दोन मापांतील फरक सुमारें २.४ मिलिमीटरहून अधिक भरला तर सांधा बदलावा, असें या गाड्यांच्या दुरुस्ति-पुस्तकांत सांगितलें आहे. माप कागदावर तारखेसह लिहून ठेवावें. पुढच्या वर्षीं तोच आंकडा किती वाढला हें पाहिल्यानें जें कळतें तें नुसत्या हाताच्या अंदाजानें कळत नाहीं.

दोष सांपडल्यावर सर्वच भाग एकदम बदलण्याइतका पैसा प्रत्येकाजवळ असतो असें नाहीं. अशा वेळीं कोणता भाग आवाज करतो हें न पाहतां, कोणता भाग तुटला असतां काय होईल हें पाहावें. खालचा बॉल जॉइंट सुटला तर चाकाचा आधारच जातो आणि गाडीचा तो कोपरा रस्त्यावर आपटतो. टायरॉडचा सांधा सुटला तर एक चाक चालकाचें ऐकेनासें होतें. पिटमन किंवा आयडलर आर्मच्या सांध्याचेंहि तेंच. म्हणून हे भाग प्रथम. त्यानंतर वरचे बॉल जॉइंट व बेअरिंगें. मग बाहूंचे बुश. ते फुटले तर गाडी खडखडते, ब्रेक लावतांना एका बाजूस ओढते आणि टायर खाते, पण सहसा चाक एकाएकीं सोडून देत नाहीं. मग शॉक अॅबसॉर्बर. अलाइनमेंट सर्वांच्या शेवटीं, आणि नवे टायर त्याच्याहि मागाहून. सर्वांत मोठा आवाज करणारा भाग पुष्कळदां सर्वांत निरुपद्रवी असतो, व सर्वांत घातकी भाग अगदीं गप्प असूं शकतो.

प्रत्यक्ष दुरुस्ती घरीं करणारे लोक अमेरिकेंत पुष्कळ आहेत. त्यांनीं व त्यांचें पाहून इतरांनीं चार गोष्टी विसरूं नयेत. पहिली, स्प्रिंगची. दाबलेल्या स्प्रिंगमध्यें मनुष्याचा प्राण घेण्याइतकी शक्ति सांठविलेली असते. खालच्या बाहूखालीं जॅकचा भक्कम आधार असल्याशिवाय खालच्या सांध्याचा नट सैलहि करूं नये. आणि दांडी नकलमधून निसटेपर्यंत नट कांहीं आटे धरून तसाच ठेवावा, म्हणजे ती निसटली तरी बाहू झेपावत नाहीं. दुसरी, दांडी सोडविण्याची. दोन दांत्यांची पाचर ठोकून ती सुटते खरी, पण तिनें बूट फाटतो. जो सांधा पुन्हां वापरावयाचा असेल त्याला ती लावूं नये. नकलच्या ज्या भागांत दांडी बसते त्याच्या बाजूवर हातोडीचे चार खणखणीत घाव घातले तरी दांडी पुष्कळदां सुटते. तिसरी, कॉटर पिनची. नट सांगितलेल्या जोरानें आवळल्यावर त्याची खांच व दांडीचें भोंक समोरासमोर आलें नाहीं, तर नट आणखी किंचित् पुढें न्यावा. सोय म्हणून मागें फिरवूं नये. आणि प्रत्येक वेळीं पिन नवी घालावी. चौथी गोष्ट बुशची, आणि ती जाणत्यांच्याहि ध्यानांतून जाते. बाहू लोंबकळत असतांना बुशचे नट पूर्ण आवळले तर गाडी खालीं येतांच रबर पिळलें जातें व तें कायम पिळलेल्याच स्थितींत काम करतें. नवा बुश अशानें लवकर फाटतो. म्हणून शेवटचा आवळ गाडीचें वजन चाकांवर आल्यानंतरच द्यावा.

सी-१० च्या वरच्या बॉल जॉइंटला कारखान्यांतून रिव्हेट मारलेले असतात. ते छेदून काढावे लागतात, व नव्या सांध्याबरोबर त्यांच्या जागीं बोल्ट येतात. खालचा सांधा बाहूंत दाबून बसविलेला असतो, आणि तो काढण्या-बसविण्यास दाबयंत्र लागतें. ज्याच्याजवळ तें नाहीं त्यानें घण घेऊन बाहू वांकवूं नये. तेवढें काम दुकानांत न्यावें, त्यांत कमीपणा नाहीं. सर्व झाल्यावर वरच्या बाहूच्या मुळाशीं असलेल्या पातळ पत्र्या कमीअधिक करून चाकांचा कल व टायरॉडच्या नळ्या फिरवून चाकांची दिशा जुळवितात. पहिले कांहीं शें किलोमीटर गाडी चालल्यावर सर्व नट पुन्हां एकदां पाहावे.

इतकी काळजी करणें म्हणजे बाऊ करणें, असें कोणास वाटेल. त्यानें २००५ सालची एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्या वर्षीं टोयोटा कंपनीनें अमेरिकेंत टाकोमा पिकअप व तिच्यासारख्या आणखी कांहीं गाड्या मिळून सात लक्षांहून अधिक गाड्या बॉल जॉइंटकरितां परत बोलाविल्या. कारण एवढेंच कीं घडणीच्या वेळीं कांहीं गोळ्यांच्या पृष्ठभागावर ओरखडे उठले असण्याचा संभव होता, आणि त्यामुळें सांधे अकालीं झिजून सुटण्याची भीति होती. एका ओरखड्यासाठीं एवढ्या गाड्या! परंतु या उदाहरणांतून घेण्यासारखा बोध निराळाच आहे. दोष कारखान्याचा असला तर कंपनी मालकाला पत्र पाठविते. दोष काळाचा असला तर कोणाचेंहि पत्र येत नाहीं. चाळीस वर्षांच्या गाडीच्या मालकाला जी सूचना हवी ती त्यानें स्वतःच स्वतःला द्यावयाची असते.

सरकार हें काम करील, असाहि भरंवसा धरूं नये. अमेरिकेंतील अनेक राज्यांत खासगी गाडीची नियमित सुरक्षा-तपासणी सक्तीची नाहीं. टेक्सस राज्यानें तर पूर्वींपासून चालत आलेली वार्षिक तपासणी खासगी गाड्यांपुरती २०२५ च्या आरंभापासून बंद केली. आपल्याकडे मालवाहू गाडीला पहिलीं आठ वर्षें दर दोन वर्षांनीं व त्यानंतर दरवर्षीं फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो. नियम चांगला आहे. पण दाखला एका दिवसाचा असतो आणि झीज तीनशें पासष्ट दिवसांची. शिवाय भाजीची ती पिकअप ज्या रस्त्यानें पहांटे जाते त्याच रस्त्यानें थोड्या वेळानें शाळेचीं मुलें जातात. तिच्या खालच्या सांध्यांत किती मिलिमीटर ढिलाई आहे हा प्रश्न केवळ तिच्या मालकाचा राहत नाहीं.

जुनी गाडी ठेवावी कीं मोडीत काढावी, याचें उत्तरहि गाडीखालींच मिळतें. सांधे, बुश, दांडे हे सर्व बदलतां येतात. ते झिजावे व बदलावे याच हेतूनें केलेले आहेत. परंतु ज्या सांगाड्याला हे बाहू जोडलेले आहेत तोच गंजून पोखरला असेल, पहारीचें टोंक लावतांच पापुद्रे सुटत असतील, तर त्यावर नवे सांधे बसविणें म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटीला नव्या बिजागऱ्या लावणें होय. तेथें माया आवरावी. सांगाडा ठणठणीत असेल तर मात्र एंजिन जुनें, रंग उडालेला, आसनें फाटलेलीं, एवढ्यावरून गाडी टाकून देण्याचें कारण नाहीं.

सारांश, जुन्या गाडीला पैशाच्याहि आधीं लक्ष हवें असतें. वर्षांतून दोन वेळां, आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर, अर्धा दिवस काढावा. बूट फाटले आहेत का पाहावे, ग्रीस भरावें, चाक उचलून हलवावें, माप घ्यावें व वहींत लिहावें. ज्यांना हें स्वतः करणें शक्य नाहीं त्यांनीं कारागिराला ‘अलाइनमेंट करून द्या’ असें न सांगतां ‘प्रथम सांधे तपासा, आणि किती ढिलाई भरली तें सांगा’ असें सांगावें. जो कारागीर आंकडा सांगेल त्याच्या हातीं गाडी द्यावी. आणि गाडीची किल्ली घरांतील तरुण मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं ठेवतांना ती वहीहि बरोबर द्यावी.